तीन बॅचमध्ये मेलेलं रेझिन : चिंचोळीतल्या ग्लिसरीनचं एक प्रकरण

फेब्रुवारी सरत आली होती. गड्ड्याची जत्रा उठून महिना झालेला आणि दुपारचं ऊन अंगावर यायला लागलेलं. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून फोन आला, तो थेट निकालच घेऊन. "सर, रेझिन डुप्लिकेट निघालं बघा. तीन बॅचमध्ये मेलं. सप्लायरला नोटीस पाठवायचीय, तुम्ही फक्त रिपोर्ट लिहून द्या."

रेझिन म्हणजे रासायनिक प्रक्रिया घडवून आणणारे आम्लाचे बारीक मणी. फोन करणारे बायोडिझेलच्या एका छोट्या कारखान्याचे मालक. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मी अशा कारखान्यांची बारीकसारीक दुखणी बघतो. रिपोर्ट मी लिहिला. पण तो नोटिशीला जोडता येण्यासारखा नव्हता.

शेडमागची पिंपं

अण्णांचा मूळ धंदा तळणाच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करायचा. शहरातली हॉटेलं, भजीच्या गाड्या, फरसाणवाले यांच्याकडून तेल येतं. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना (तेल पुन्हापुन्हा तापवून खराब झालं की वाढणाऱ्या द्रव्यांना) २५ टक्क्यांची मर्यादा लागू केली आणि असं तेल बायोडिझेलकडे वळवायची 'रुको' मोहीम काढली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं लक्ष्य आलं. त्या वाऱ्यावर अण्णांनी शिडं उभारली.

तेलाला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा दिला की बायोडिझेल वर येतं आणि ग्लिसरीन तळाला बसतं. १०० किलो बायोडिझेलमागे साधारण १० किलो ग्लिसरीन निघणारच, त्यात घासाघीस चालत नाही. मात्र तळाला बसतं ते औषधाच्या दुकानातलं नितळ ग्लिसरीन नव्हे. ते काकवीच्या रंगाचं, चिकट, साबणाच्या वासाचं असतं. त्यात मिथेनॉल असतं, पाणी असतं, घातलेला जवळजवळ सगळा सोडा असतो आणि न बदललेलं थोडं तेलही. वापरलेल्या तेलात मुक्त स्निग्धाम्लं जास्त, म्हणून साबणही जास्त. दिवसाला एखादं पिंप भरायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेडमागे साठेक पिंपं ओळीनं उभी होती आणि त्यांच्या सावलीत कुत्री झोपली होती.

आधी ते बॉयलरमध्ये जाळून बघितलं होतं म्हणे. ग्लिसरीन कमी आचेवर जाळलं की ॲक्रोलीन होतं. कढईतलं तेल जळाल्यावर जो डोळ्यांत जाणारा, घशाला ठसका लावणारा धूर निघतो, तो बराचसा याच ॲक्रोलीनचा. वर सोडियमची राख वितळून भट्टीच्या विटांना चिकटली. दोन दिवसांत तो प्रयोग आटपला. रिफायनरीवाले विकत घ्यायला तयार होते, पण पिंप उचलायच्या भाड्यात निम्मा भाव जायचा. मग अण्णांच्या पुतण्यानं, तो पुण्यात केमिकल इंजिनिअरिंग शिकलाय, सुचवलं की यापासून सोल्केटल नावाचा द्रावक करू.

सोल्केटलच का

सूचना वाईट नव्हती, हे आधी सांगून टाकतो. घन आम्ल उत्प्रेरक वापरून ग्लिसरीनचं काय काय होऊ शकतं याची यादी लांबलचक आहे, पण चिंचोळीच्या एका शेडमध्ये त्यातलं काय बसतं हा प्रश्न वेगळा.

झिओलाइट (सिलिका-ॲल्युमिनाचा सच्छिद्र स्फटिक) किंवा टंगस्टनयुक्त झिर्कोनिया अशा घन आम्लांवरून ग्लिसरीनची वाफ २५० ते ३५० अंशांना नेली की दोन रेणू पाणी निघून ॲक्रोलीन मिळतं. ॲक्रोलीनपासून पुढे ॲक्रिलिक आम्ल, म्हणजे रंग, डायपर, चिकटद्रव्यं अशी सगळी मोठी बाजारपेठ. पण वायू विषारी, उत्प्रेरकावर काही तासांत कोळशाची पुटं चढतात आणि ती जाळून काढायची व्यवस्था सोबत बांधावी लागते. बॉयलरचा धूर सोसलेल्या माणसांना मी हे सुचवणार नव्हतो.

ॲसिटिक आम्ल लावलं तर मोनो, डाय आणि शेवटी ट्रायॲसेटिन होतं. माल चांगला आहे. त्याचा एक मोठा गिऱ्हाईक म्हणजे सिगारेटचा फिल्टर, त्यातल्या तंतूंना घट्टपणा यायला ते वापरतात. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात, पण विडीला फिल्टर नसतो, हा आमचा दैवदुर्विलास. शिवाय तिसरा ॲसिटिल गट बसवायला रेणू फार आढेवेढे घेतो, सोबतचं पाणी सतत काढत राहावं लागतं आणि उरलेलं ॲसिटिक आम्ल वेगळं करायला चांगला उंच कॉलम लागतो.

सोल्केटलचं गणित सोपं. ग्लिसरीनच्या शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिल (OH) गटांवर ॲसिटोन येऊन बसतो, पाच अणूंचं कडं तयार होतं आणि पाण्याचा एक रेणू सुटतो. सहा अणूंचं कडंही होऊ शकतं, पण ते अगदी थोडं होतं. तापमान साधं, दाब नाही, हायड्रोजन नाही. १०० किलो शुद्ध ग्लिसरीनला ६३ किलो ॲसिटोन खर्च होतो, जास्तीत जास्त १४३ किलो सोल्केटल मिळतं आणि १९ किलोंच्या वर पाणी. वजन वाढतं, हे ऐकून कुठलाही कारखानदार खूश होतो. सोल्केटल हा कमी वासाचा, पाण्यात आणि तेलातही मिसळणारा द्रावक आहे, स्वच्छतेच्या उत्पादनांत आणि शाईत चालतो. इंधनात मिसळायचं म्हणूनही त्यावर भरपूर संशोधन झालंय. पण मानकात नसलेली वस्तू इंधनात घातली की तिला आपल्याकडे भेसळ म्हणतात, तेव्हा ते स्वप्न मी अण्णांना पहिल्याच दिवशी सोडायला लावलं.

उत्प्रेरक म्हणून पुतण्यानं ॲम्बरलिस्ट-१५ जातीचं रेझिन मागवलं. पॉलिस्टायरिनचे बारीक, सच्छिद्र मणी आणि त्यांवर सल्फॉनिक आम्लाचे गट. सल्फ्युरिक आम्लाचं काम करतं, पण घन असल्यानं गाळून परत वापरता येतं, निदान कागदावर तरी. कोरड्या किलोमागे ४.७ इक्विव्हॅलेंट आम्लता (इक्विव्हॅलेंट म्हणजे देता येण्याजोग्या हायड्रोजनचं माप). १२० अंशांवर नेलं तर गट गळायला लागतात, पण इथे ६० अंशांचंच काम. निवड योग्य होती. मीही तेच सांगितलं असतं.

तीन बॅच

बॅच अशी होती. कच्च्या ग्लिसरीनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल घालून सोडा मारायचा, वर आलेली स्निग्धाम्लं काढून टाकायची, मिथेनॉल उकळून काढायचं. उरलेल्या १०० किलो मालात ग्लिसरीन सुमारे ८० टक्के. तो ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या ५०० लिटरच्या रिॲक्टरमध्ये, सोबत २०० किलो ॲसिटोन आणि ५ किलो रेझिन. जॅकेटला गरम पाणी, वर कंडेन्सर, चार तास ढवळणं.

पहिली बॅच झकास झाली. नमुना ओळखीच्या लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफीला गेला, सोल्केटलचा शिखर बघून पुतण्यानं पेढे वाटले. दुसऱ्या बॅचला काम निम्म्यावर आलं. मधे त्यांनी रेझिन 'स्वच्छ' करावं म्हणून बोअरच्या पाण्यानं खळखळून धुतलं. तिसरी बॅच सहा तास चालवली तरी ॲसिटोन वर आणि ग्लिसरीन खाली, जसंच्या तसं.

एवढ्यावर 'रेझिन डुप्लिकेट' हा निष्कर्ष कुणीही काढला असता. पण रिॲक्टरवर काम करणारे मोहोळकडचे एक मामा आहेत. मी निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला आधी कुणीच सांगितल्या नव्हत्या. एक, "पयल्या बॅचचा माल उकळायला घेतला तर वरनं परत ॲसिटोनच आला की सर, तळाला घट्ट ग्लिसरीन." दुसरी, "भांड्याला आतनं टाचणीएवढी भोकं पडल्यासारखी दिसालीत."

म्हणजे पहिली बॅचही हाताला लागली नव्हती. लॅबच्या कागदावर जे सोल्केटल दिसलं, ते ऊर्ध्वपातनात परत मोडून ॲसिटोन आणि ग्लिसरीन झालं होतं. पेढे फुकट गेले.

रेझिनची जबानी

रेझिनची आम्लता मोजायची पद्धत बीएस्सीच्या मुलालाही जमेल अशी आहे. वाळवलेलं एक ग्रॅम रेझिन मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं. मिठातला सोडियम रेझिनवर जाऊन बसतो, रेझिनवरचा हायड्रोजन पाण्यात उतरतो, म्हणजे पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. गाळायचं आणि ०.१ नॉर्मल सोड्यानं टायट्रेशन करायचं, म्हणजे किती सोड्यानं आम्ल मरतं ते मोजायचं; आम्ल संपलं की द्रव गुलाबी होतो. पाकीट न फोडलेल्या गोणीतलं रेझिन ४६ मिलिलिटर प्यायलं, म्हणजे किलोमागे ४.६ इक्विव्हॅलेंट. माल अस्सल. तिसऱ्या बॅचनंतरचं रेझिन ८ मिलिलिटरमध्येच गुलाबी झालं.

ब्युरेटकडे बघता बघता लख्ख प्रकाश पडला, आणि थोडी लाजही वाटली की हे फोनवरच कसं सुचलं नाही. मी इथे मुद्दाम मिठाच्या पाण्यात रेझिन टाकून आम्ल बाहेर काढत होतो. अण्णांच्या रिॲक्टरमध्ये न ठरवता नेमकं हेच चाललेलं होतं!

कॉस्टिक सोडा हायड्रोक्लोरिक आम्लानं मारला की होतं काय? मीठ. ते ग्लिसरीनमध्येच राहतं. त्यात रेझिन पडलं की सोडियम आत, हायड्रोजन बाहेर, आणि रिॲक्टरमध्ये मोकळं हायड्रोक्लोरिक आम्ल. पहिल्या बॅचमधली प्रक्रिया बहुतांश त्या सुट्या आम्लानं केली, घन उत्प्रेरकानं नव्हे. १८९५ साली एमिल फिशरनं ग्लिसरीन आणि ॲसिटोन जोडले ते हायड्रोक्लोरिक आम्ल वापरूनच. चिंचोळीत सव्वाशे वर्षांनी तोच प्रयोग झाला, फक्त महागाचे मणी मधे घालून. तेच सुटं आम्ल मालासोबत ऊर्ध्वपातनाला गेलं. आम्ल, पाणी आणि उष्णता एकत्र आले की सोल्केटलचं कडं उघडतं, कारण ही प्रक्रिया दोन्ही दिशांनी चालते. आणि क्लोराइड असलेलं आम्ल ३०४ स्टीलला टाचणीएवढी भोकं पाडतं, हे कुठलाही फॅब्रिकेटर सांगेल. मामांच्या दोन्ही गोष्टींना एकच उत्तर मिळालं.

तरी अंदाजावर विसंबायचं नाही म्हणून गाळून बघायची चाचणी केली. घन उत्प्रेरकाच्या कुठल्याही दाव्याला ही चाचणी लावावी असं माझं मत आहे, आणि पुष्कळदा ती लावलेली नसते. फ्लास्कमध्ये प्रक्रिया सुरू करून अर्ध्या तासानं मणी गरम गरमच गाळून काढायचे आणि उरलेला द्रव तसाच ढवळत ठेवायचा. काम खरोखर मण्यांवर होत असेल तर ते तिथेच थांबलं पाहिजे. अण्णांच्या ग्लिसरीनमध्ये मणी काढल्यावरही ग्लिसरीन घटत राहिलं. दुकानातून आणलेल्या शुद्ध ग्लिसरीनमध्ये, त्याच गोणीतल्या रेझिननं, मणी काढताच प्रक्रिया थांबली. तेच रेझिन शुद्ध ग्लिसरीनवर मी ओळीनं पाच वेळा चालवलं, पाचही वेळा ठीक.

ग्लिसरीन किती उरलं हे मोजायला दरवेळी क्रोमॅटोग्राफी लागत नाही, हे इथे सांगून ठेवतो. सोडियम मेटापरआयोडेट शेजारशेजारचे मोकळे हायड्रॉक्सिल गट असतील तरच रेणू तोडतं. ग्लिसरीनमध्ये ते आहेत, सोल्केटलमध्ये नाहीत. तुटताना फॉर्मिक आम्ल सुटतं, ते सोड्यानं मोजायचं. फक्त नमुना आम्लात ताटकळत ठेवायचा नाही, नाहीतर सोल्केटल मोडून आकडा फुगतो. मामा हे टायट्रेशन आता माझ्यापेक्षा सफाईनं करतात.

मिठाचा हिशेब

अण्णांना हे पटवायला रसायनशास्त्र चाललं नाही, हिशेब चालला. त्यांच्या टेबलावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, त्याच कागदावर मांडलं.

मुशीत ग्लिसरीन जाळून राख काढली तर ती ५ टक्के भरली, बहुतेक मीठच. म्हणजे १०० किलोंच्या बॅचमध्ये ५ किलो मीठ, म्हणजे सोडियमचे ८५ इक्विव्हॅलेंट. रेझिन ५ किलो, त्याची सगळी मिळून आम्लता साडेतेवीस. एका बॅचमध्येच रेझिनच्या ताकदीच्या साडेतीनपट सोडियम दारात उभा. सगळा काही आत शिरत नाही, ॲसिटोन घातल्यावर बरंचसं मीठ विरघळेनासं होऊन खाली पडतं. पण ते पडतं तेही मण्यांवर, पिठीसारखं, आणि छिद्रं बुजवतं.

"मग रेझिन दुप्पट टाकू की," अण्णा म्हणाले.

दुप्पट टाकलं तर दुप्पट आम्ल सुटेल आणि भांडं लवकर जाईल. अण्णा गप्प झाले. भांड्याची किंमत त्यांना पाठ होती.

उरला बोअरच्या पाण्याचा प्रताप. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड, हे गिझर वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन-दोन हातांचे, रेझिनला सोडियमपेक्षा घट्ट धरतात. धुवून मीठ गेलं, पण त्याच्या जागी चिवट पाहुणे येऊन बसले. तिसरी बॅच मेली ती या आंघोळीनं. सप्लायरनं विकलेल्या रेझिनमध्ये खोट नव्हती. मी रिपोर्टात तसं लिहिलं आणि नोटिशीचा विषय तिथेच संपला. अण्णा दोन दिवस माझ्याशी जरा तुटक बोलले, एवढंच.

दुसरा उत्प्रेरक का नको

पुतण्याचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. रेझिनला सोडियम चालत नसेल तर दुसरं घन आम्ल घेऊ. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) प्रा. गणपती यादव यांच्या गटानं 'यूडीकॅट' नावाची घन अतिआम्लांची मालिकाच उभी केली आहे, ते त्यानं वाचलं होतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, झिओलाइटवर तिथे अनेक वर्षांचं काम आहे. मग आपण रेझिनलाच का धरून बसायचं?

कारण सोडियमला ही सगळीच बळी पडतात. झिओलाइटची आम्लताही शेवटी अदलाबदल होऊ शकणाऱ्या हायड्रोजनचीच असते. मीठ आलं की तिथेही तीच अदलाबदल. सल्फेटेड झिर्कोनियातला सल्फेट पाण्यात हळूहळू उतरतो, टंगस्टनसारख्या धातूंचं हेटरोपॉली आम्ल तर ध्रुवीय द्रवात सरळ विरघळतं, ते आधाराला घट्ट बांधावं लागतं. पाण्याच्या बाबतीत मात्र बीटा झिओलाइट रेझिनपेक्षा सरस. सिलिका जास्त असलेलं हे झिओलाइट पाण्याला आत फारसं शिरू देत नाही, आणि पाणी मिसळलेल्या ग्लिसरीनवरही ते चालतं असं ब्राझीलच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं. ॲम्बरलिस्टचं तसं नाही. पाणी आलं की ते आम्ल गटांभोवती गोळा होतं आणि त्यांचा जोर उतरतो.

बगॅसचा कोळसा करून त्यावर सल्फॉनिक गट बसवायची कल्पनाही निघाली. निघणारच, साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून ती न निघाली तर नवल. साखरेच्या अर्धवट कोळशापासून असा उत्प्रेरक जपानी संशोधकांनी २००५ साली केला होता आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक शेतकचऱ्याचा कोळसा होऊन गेलाय. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला उत्तम. पण तो करायला तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, मग ते धुवून काढायला मणभर पाणी, आणि धुतलेलं आम्लपाणी टाकायचं कुठे? शिवाय बगॅस काही फुकट पडलेलं नसतं, कारखाने तेच जाळून वीज करतात. मी नको म्हटलं. पुतण्या अजून थोडा नाराज आहे.

दुरुस्ती

दुरुस्ती रेझिनच्या आधी करायची होती, ग्लिसरीनमध्ये.

पहिला बदल आम्लाचा. हायड्रोक्लोरिक बंद, सल्फ्युरिक चालू, आणि तेही मिथेनॉल काढायच्या आधी. सोडियम सल्फेट मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, स्फटिक होऊन खाली बसतो, फिल्टर प्रेसमध्ये अडकतो. मीठ तेवढं आज्ञाधारक नसतं, थोडं मिथेनॉलमध्येही राहतं. क्लोराइडच नाही म्हटल्यावर भांड्याचंही फावलं. पीएच तीनपर्यंत उतरवून साबण फोडायचा, वर आलेली स्निग्धाम्लं काढायची, ती मिथेनॉल लावून परत बायोडिझेलकडे जातात. मग थोडा सोडा घालून पीएच सहाच्या आसपास आणायचा, गाळायचं. पाणी जितकं कमी तितकं मीठ जास्त पडतं, म्हणून आम्ल पातळ करून घालायची जुनी सवय मोडावी लागली. तीव्र आम्ल थेंबाथेंबानं, थंड करत. यात पहिल्या आठवड्यात दोनदा घाई झाली आणि मिथेनॉल उसळलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर आम्लाची टाकी बारीक नळी लावून बांधूनच टाकली.

सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश आणि फॉस्फोरिक आम्ल वापरायचा मोह मलाच झाला होता. त्यातून पोटॅशियम फॉस्फेट निघतं आणि ०:५२:३४ हे नाव आमच्या डाळिंबवाल्यांना पोराच्या नावासारखं पाठ आहे. पण साबण आणि तेल लागलेलं ते मीठ खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेशाच्या कसोटीला उतरायला हवं. अण्णांकडे ते शुद्ध करायची सोय नाही. विषय मागे ठेवला.

गाळल्यावर राख ५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. रेझिनसाठी तीही जास्तच. त्यासाठी दोन खांब उभे केले. पहिल्यात पाणी मऊ करायच्या यंत्रातलं साधं, स्वस्त धनायन (सोडियमसारखे धन आयन धरणारं) रेझिन, आम्लरूपात. दुसऱ्यात ऋणायन रेझिन, कमकुवत अल्कली जातीचं. नुसता पहिला खांब लावला असता तर सोडियम अडकला असता, पण त्याच्या बदल्यात सल्फ्युरिक आम्ल सुटून पुढे गेलं असतं आणि पुन्हा तोच खेळ. दुसरा खांब ते आम्ल पिऊन टाकतो. ग्लिसरीन इतकं घट्ट की खांबातून उतरेच ना, म्हणून मिथेनॉल काढण्याआधीच ते यातून सोडतो. खांबातून आलेल्या मालाची राख आता वजनकाट्यावर नीट पकडताही येत नाही. पहिल्या खांबातलं स्वस्त रेझिन वारंवार मरतं, ते मरण्यासाठीच ठेवलंय.

जुनं, बोअरचं पाणी प्यायलेलं ॲम्बरलिस्ट टाकून द्यायला अण्णा तयार नव्हते. ते ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लानं सावकाश धुवून परत आणलं. इथे सल्फ्युरिक वापरलं असतं तर आत बसलेल्या कॅल्शियमचा जिप्सम झाला असता आणि मणी आतून चुन्यानं लिंपले गेले असते. मग क्लोराइड जाईपर्यंत आरओच्या पाण्यानं. आम्लता ८ वरून ४१ मिलिलिटरवर आली. उरलेलं काही परत आलं नाही. पात्यांनी काही मण्यांचा भुगा केला होता, तो गाळणीतून गेला. आता मणी रिॲक्टरमध्ये मोकळे नसतात, स्टीलच्या जाळीच्या टोपलीत बसतात आणि पंप द्रव त्यांच्यातून फिरवतो.

प्रक्रियाही दोन टप्प्यांत केली. एकदा समतोलाला आली की कितीही ढवळा, पुढे सरकत नाही, कारण तयार झालेलं पाणीच वाट अडवतं. म्हणून पहिल्या टप्प्यानंतर ॲसिटोन आणि पाणी उकळून काढायचं, ताजा कोरडा ॲसिटोन घालून दुसरा टप्पा. आणि ऊर्ध्वपातनाआधी माल पुन्हा ऋणायन रेझिनवरून नेतो. सोल्केटल १८८ अंशांच्या आसपास उकळतं, पण निर्वातात बरंच खाली. मामांना आता वर ॲसिटोनचा वास येत नाही.

आठ बॅच झाल्यावर टोपलीतल्या नव्या रेझिनची आम्लता मोजली, ४३ मिलिलिटर. बऱ्यापैकी.

उन्हाळा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवीनच तक्रार आली. ॲसिटोन गायब होतोय. कुणी चोरतंय का, इथपर्यंत अण्णांची शंका गेली.

चोर सूर्य होता. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो, पण उकळायची वाट बघत नाही. २५ अंशांना त्याच्या वाफेचा दाब पाऱ्याच्या २३० मिलिमीटरच्या घरात असतो, ३५ अंशांच्या पुढे गेला की हवेच्या दाबाच्या निम्म्याकडे. कूलिंग टॉवरचं पाणी एप्रिलात गरमच येत होतं, म्हणजे कंडेन्सरच्या तोंडातून जी हवा बाहेर पडायची तिच्यात जवळजवळ निम्मा ॲसिटोन. नुकसान एक आणि धोका दुसरा. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा दुप्पट जड, ती उडून जात नाही, जमिनीवरून सरकते आणि हवेत अडीच टक्के झाली की ठिणगीची वाट बघते. वेल्डिंगचं काम शेजारच्या शेडमध्ये चाललेलं होतं. त्या दिवशी मी आवाज चढवला, नेहमी चढवत नाही.

मधल्या काळात बॅच रात्री नऊनंतर घ्यायचं ठरलं. तोंडाला दुसरा छोटा कंडेन्सर लावून त्याला चिलरचं पाणी दिलं. साठ्याच्या पिंपांवर पत्रा आणि पांढरा रंग चढवला. प्रक्रिया मुळात थोडी उष्णता सोडणारी, म्हणून तापमान वाढलं की समतोल उलट थोडा मागे सरकतो. ६० अंशांचा हट्ट सोडून ४५ वर आणलं. वेळ वाढला, उतारा घटला नाही.

उन्हानं एकच भलं केलं. दोन्ही खांब धुतल्यावर निघणारं मीठपाणी नाल्यात सोडता येत नाही. त्यासाठी शेडमागे उथळ, प्लास्टिक अंथरलेले हौद केले. मे महिन्यात ते सकाळी भरले की चार-पाच दिवसांत तळाला पांढरी खपली. पावसाळ्यात काय करायचं याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. सध्या पत्रा टाकायचा विचार आहे. सल्फेटच्या गोण्याही साचतायत, रंगाईच्या कारखान्यात सोडियम सल्फेट लागतं, पण तेलाचा वास असलेलं कोण घेणार? टॉवेलला भजीचा वास आला तर काय, असं एका डाईंगवाल्यानं हसत विचारलं. त्याचं बरोबर होतं.

शेडमागची साठ पिंपं आता अठरा उरलीत. प्रत्येक पिंपावर मामा खडूनं राखेचा आकडा लिहितात, तीनच्या वर असेल तर ते मागे राहतं. गेल्या आठवड्यात एका पिंपावर ६.२ लिहिलेलं दिसलं. ते कुणाच्या तेलाचं होतं हे मामांना विचारलं, तर म्हणाले, "त्या भजीवाल्याचंच. तो कढई साबणानं धुतो आन् धुवण त्याच डब्यात वततोय सर."